‘हुशार’

सरांनी प्रिंट टेबलावर आपटली. लाल पेनाचं टोक एका ओळीवर टेकवलं.

"हे काय आहे?"

"अवतरणचिन्ह, सर."

"हे? दोन खिळे ठोकलेत नुसते. अवतरणचिन्ह वळणदार असतं. सुरुवातीचं वेगळं, शेवटचं वेगळं. शाळेत शिकवलं नाही?"

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी. कोर्टाची कागदपत्रं करायला आलेली. सगळी माझ्याकडे बघत होती.

"आडनाव काय तुझं?"

मी सांगितलं. सरांनी मालकाकडे बघितलं आणि हसले.

"तरीच," म्हणाले.

एवढंच. एक शब्द. मालकही हसला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकला सीबीएस बसस्टँडच्या मागच्या गल्लीत कॉम्प्युटरवर टायपिंग करून देणारं ते डीटीपीचं दुकान होतं. मी तिथे ऑपरेटर. वडील पंचवटीत मार्केट यार्डात हमाल. आमच्या घरातली खुर्चीवर बसून काम करणारी पहिली मी. हे सर एका जुन्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. शाळेची स्मरणिका आमच्याकडे छापायला आली होती.

मराठी फाँटात ती वळणदार चिन्हं कीबोर्डवर कुठेच दिसत नसत. ऑल्ट दाबून धरायचं आणि उजवीकडच्या आकड्यांवर चार आकडे मारायचे, मग ते चिन्ह उमटायचं. त्या आकड्यांचा तक्ता मालकाच्या ड्रॉवरमध्ये असायचा. दुसरी ऑपरेटर मंजिरी, मालकाची पुतणी. तिला त्याची झेरॉक्स दिलेली. मी मागितली तेव्हा मालक म्हणाला होता, "तुला काय करायचंय? तू नुसतं मॅटर टाईप कर. फिनिशिंग मंजिरी करेल."

त्या दिवशी मंजिरी रजेवर होती. मालकाने तशीच प्रिंट काढून सरांसमोर ठेवली. आणि वर हसला.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत मी मशीन सोडलं नाही. कोरं पान उघडलं. ऑल्ट, शून्य शून्य तीन तीन. काय उमटतंय ते वहीत लिहिलं. मग शून्य शून्य तीन चार. मग पुढचा. काही आकड्यांना नुसता चौकोन यायचा. काहींना अर्धं अक्षर. डबा तसाच घरी जायचा. पाचव्या दिवशी, शून्य एक चार पाच. पडद्यावर वळणदार चिन्ह. चार सहाला त्याचं जोडीदार.

आनंद झाला नाही. संताप झाला. एवढंच होतं? चार आकडे? यासाठी माझं आडनाव विचारलं?

शेवटच्या दोनशे पंचावन्नपर्यंत सगळे आकडे मी वहीत उतरवले. महिन्याभरात पाठ झाले.

मग सरांचा स्वतःचा लेख आला. स्मरणिकेत पहिलाच. त्यात एक वाक्य होतं. आमच्या शाळेत ‘त्या’ वस्तीतील मुलेही येऊ लागली आणि त्यातील काही ‘हुशार’ही निघाली. समासात लाल शाईने सूचना: चिन्हे नीट घालणे.

माझा हात थांबला. माझा मोठा भाऊ त्याच शाळेत शिकला. आमच्या त्याच वस्तीतून चालत जायचा. दहावीला गणितात वर्गात पहिला.

घाणीला हात लागू नये म्हणून माणूस चिमट्यात धरतो ना, तसा तो शब्द धरला होता.

मी पूर्ण लेख टाईप केला. एकेक चिन्ह जागच्या जागी. त्या दोन शब्दांची सोडून.

सर आले. लाल पेन फिरत फिरत तिथे थांबलं.

"इथली राहिली. अजून येत नाहीत का?"

"येतात." मी त्यांच्यासमोर कोरं पान उघडलं आणि सगळी चिन्हं एका ओळीत मारून दाखवली. वही न बघता. "राहिली नाहीत, सर. मी घातली नाहीत."

"का?"

"अवतरणात कोणाचं तरी बोलणं असतं. ‘हुशार’ हे कोण बोललं? की तुम्हाला ती मुलं हुशार वाटत नाहीत?"

सरांचा चेहरा लाल झाला. "टाईप करणाऱ्यांनी टाईप करावं. वाचायला कोणी सांगितलं?"

मालक धावत आला. "चिन्हं घाल. सरांची माफी माग."

"नाही."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

मी वही उचलली आणि निघाले. मागे मंजिरी माझ्या खुर्चीत बसली. माझ्या नजरेला नजर दिली नाही तिने.

घरी आई भडकली. "लय शाणी झाली. गप ऱ्हायला काय झालं व्हतं?" तिचंही खोटं नव्हतं. चूल माझ्याही पगारावर पेटत होती.

स्मरणिका छापून आली. माजी विद्यार्थी म्हणून भावाला एक प्रत मिळाली. चिन्हं होती. दोन्ही शब्दांना. भावाने ते वाक्य वाचलं, पुस्तक मिटलं आणि उठून बाहेर गेला. त्या रात्री जेवला नाही.

तीन आठवड्यांनी मी नाशिकरोडला दुसऱ्या प्रेसमध्ये गेले. तिथल्या मालकाने स्पीड बघितला, खूश झाला. आडनावही विचारलं. मी सांगितलं आणि त्याच दमात पुढचं बोलले.

"मी टाईप करायच्या आधी वाचते. माणसाला खाली बघायला लावणारं काही असलं तर गिऱ्हाइकाला तोंडावर विचारणार. उत्तर नाही मिळालं तर टाईप करणार नाही. चालत असेल तर बसते. नसेल चालत तर आत्ताच सांगा, दुसरं दुकान बघते."