चलता का चिआंग माईला?

आमच्या घरात कुठेही निघायचं म्हटलं की समोर दिसेल त्याला "चलता का?" असं विचारायची पद्धत आहे. मग बर्डीच्या बाजारात जाऊन नळाची तोटी आणायची असली तरी. ज्याला विचारलं त्याने "नाही बाप्पा, तुमीच जा" म्हणायचं, हीही पद्धतच. दोन्ही बाजूंचा मान राहतो आणि जाणारे तेवढेच जातात. आमच्या यांनी हा प्रश्न जन्मभर इतका सढळ हाताने वाटला आहे की एकदा गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही त्यांनी रामटेकचं आमंत्रण दिलं होतं. तो बिचारा पद्धतीतला होता. "नाही साहेब, तुमीच जा," म्हणाला.

हे मागच्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि मी चिआंग माईचा विषय काढला. उत्तर थायलंडमधलं हे जुनं शहर मी फोनवर पाहिलं होतं. शहराभोवती चौकोनी खंदक, त्यात पाणी, काठावर झाडं आणि झाडाखाली काही न करता बसलेली माणसं. ती माणसं पाहून मला त्यांचा हेवा वाटला. एकतीस वर्षांच्या संसारात आम्ही पुष्कळ हिंडलो, पण प्रत्येक वेळी कोणाचं तरी लग्न, कोणाची तरी तेरवी नाहीतर नवस. लग्नानंतर पचमढीला गेलो तेव्हासुद्धा सासूबाई सोबत होत्या, कारण त्यांना महादेवाचा नवस फेडायचा होता. मला एकदा फक्त पाहायला जायचं होतं, आणि दोघांनीच. चार दिवसांत एकदा त्या खंदकाच्या काठावर बसून दोघांनी चहा प्यायचा, एवढीच माझी मागणी होती.

यांनी रजिस्टर काढलं. निवृत्त झाल्यापासून त्यांना रजिस्टरमध्ये लिहायला काही नव्हतं, त्यामुळे चिआंग माई त्यांच्या तावडीत चांगलंच सापडलं. "दिवस दुसरा. ७.१०, डोंगरावरच्या सोनेरी मंदिराच्या पायऱ्या, तीनशेच्या वर. ७.५०, धाप, दहा मिनिटं. ८.००, दर्शन." धापेलासुद्धा वेळ नेमून देणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. माझा खंदकाकाठचा चहा तिसऱ्या दिवशी सापडला, "राखीव वेळ" या सदरात, वीस मिनिटं.

आता किल्लीचं सांगायला हवं. आम्ही गावाला निघालो की घर सांभाळायला सावनेरहून ताई येतात. ताई म्हणजे माझी मोठी नणंद, यांच्याहून आठ वर्षांनी मोठी. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा-सून शेती बघतात. आम्ही किल्ली त्यांच्या हातात देतो आणि तुळशीची काळजी न करता निघतो. याही वेळी यांनी फोन लावला, तारखा सांगितल्या, घरी राहायला ये म्हणाले, आणि फोन ठेवता ठेवता सवयीने म्हणाले, "नाहीतं चालतं का तूबी, ताई?"

पलीकडून ताई म्हणाल्या, "चालते."

यांनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं.

"तुमी विचारलं काहून?" मी म्हणाले.

"विचारा लागते नं वं. पन हो म्हना लागत नाही, हे तिले मालूम नाही का?"

बहिणीला नाही म्हणायची यांची छाती नाही. लहानपणी तिने एकदा विहिरीवर कान पिळला होता, तो अजून दुखत असावा. तेव्हा सावनेरला जाऊन ताईंना हळूच घाबरवायचं काम माझ्याकडे आलं. मी ते आनंदाने घेतलं, खोटं कशाला बोलू. जायला महिना गेला; सावनेरच्या बसमध्ये मी मनाशी तयारी केली. तीनशे पायऱ्या, जेवणात मासळीचा वास, भाषा कळणार नाही, विमान मध्ये बदलायचं.

ताई अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. लुगड्याखाली पांढरे बूट होते.

मी पायऱ्यांपासून सुरुवात केली. "म्हनून तं चालून राहिली मी," ताई म्हणाल्या. "पंधरा दिस झाले, वावरातल्या विहिरीपावतर जाते आन् येते." मासळीला त्यांच्याकडे ठेचा आणि भाकर होती. भाषेचं म्हणाल तर सुनेचीही त्यांना अर्धीच कळते, ती भंडाऱ्याकडची आहे. मग त्या आत गेल्या आणि रुमालात गुंडाळलेला पासपोर्ट घेऊन आल्या. फोटोत त्या तहसीलदाराला जाब विचारायला निघाल्यासारख्या दिसत होत्या. "पोलीस चौकशीले आला तं अर्धी गल्ली जमा झाली. म्हातारीनं काय केलं म्हने."

मी हसले. ताई हसल्या नाहीत. रुमालाची घडी घालत म्हणाल्या, "मले मालूम हाये वं, त्यानं तोंडदेखलंच विचारलं. पन तुमी पचमढीले गेले तवाबी घरी मीच होती. तवापासून तुमी गेले का मी येते, तुळशीले पानी घालते, दूधवाल्याले नाही म्हनते. मले म्हटलं, एकडाव हो म्हनून पाहाव. तुले नको असन तं सांग. मी त्याले पाय दुखते म्हनून सांगते."

मला लाज वाटली. सगळी तयारी मनातल्या मनात गिळून मी म्हणाले, "ताई, बूट आणखी पंधरा दिवस घाला. नवे बूट चावतात."

परतीच्या बसमध्ये मात्र मी यांच्यावर चिडलेली होते आणि स्वतःवरही. ताईंचं खरं होतं, पण माझा दोघांचा चहा गेला तो गेलाच. घरी आले तर हे रजिस्टर उघडून दाराकडेच डोळे लावून बसले होते.

"ताई येतात," मी म्हणाले. "आणि चहाचा वेळ तासभर करा. तीन कप लिहा."

यांनी वीस मिनिटं खोडली, तासभर लिहिलं, तीन कप लिहिले. मग पेन तसंच हातात धरून माझ्याकडे पाहिलं.

"मंग किल्ली कोनापाशी ठेवाची?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नव्हता.