बारा बंद घरं

"कागद सोड, फाटेल!"

"फाटू दे. आधी सांग, बारा घरांपुढे 'बंद' कुणी लिहिलं?"

"मीच लिहिलं. मुकादम मी आहे. का तुला विचारून लिहू?"

"कुलपं कुठं होती रे दादा? माणसं आत भाजत होती, माणसं!"

वॉर्ड ऑफिसामागच्या चुन्याच्या गोदामात बहीणभाऊ एकाच कागदाची दोन टोकं ओढत होते. तिला सगळे घोरपड म्हणायचे. छपराला एकदा चिकटली की शेवटचा हात मारल्याशिवाय सुटायची नाही. नाव दादानंच ठेवलेलं, शिडीवर पहिलं पाऊलही त्यानंच टाकायला लावलेलं. त्यांचा रंगारी बाप प्यायला की कुंचल्याच्या दांड्यानं बडवायचा. दादा तिला पिंपामागे कोंबायचा आणि दोघांच्या वाटणीचा मार एकटा खायचा. वर म्हणायचा, "मला नुसत्या गुदगुल्या होतात गं!"

उन्हाळे वर्षागणिक चढत चालले, तसं पालिकेनं पत्र्याच्या घरांची छपरं पांढरी करायचं काढलं. पांढरं छप्पर कमी तापतं. घोरपड आणि तिचा नवरा, दोघंही कामाला लागले. गेल्या वर्षी नाल्याकाठच्या एका गंजक्या पत्र्यातून नवरा आरपार खाली गेला. खाली दगडी ओटा होता. डोकं फुटलेलं तिनं वरून, त्याच भोकातून पाहिलं.

त्या दिवसापासून दादाचा हुकूम होता, पाय न पेलणाऱ्या छपरावर कुणी चढायचं नाही. पण पालिकेच्या छापील तक्त्यात रकाने दोनच: 'रंगवले' आणि 'घर बंद'. 'छप्पर कुजके' असाही रकाना लागेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दादानं नाल्याकाठची बाराच्या बारा घरं 'बंद'मध्ये ढकलली. तिनं ते पाहिलं होतं. त्या पत्र्यावर पुन्हा पाय ठेवायला नको, म्हणून मनातून सुखावलीही होती.

तोच तक्ता पुढे पाण्याच्या टँकरवाल्याकडे आणि घरोघर फिरणाऱ्या नर्सबाईंकडे जातो, हे तिला आज सकाळी कळलं. बंद घराकडे कोण कशाला फिरकेल? काल भर दुपारी त्यातल्याच एका खोलीत तिथल्या एका हमालाचा म्हातारा बाप तडफडून गेला. खोलीत अजून हमालाची बायको होती, आठ दिवसांची बाळंतीण. बाळाला ताप चढला होता.

"आत्ताच्या आत्ता खोड ते. लिही, घरं उघडी आहेत."

"साहेब सोमवारी येतील, तेव्हा बघू."

"सोमवारपर्यंत ते बाळ टिकेल का रे?"

तेवढ्यात दार धाडकन भिंतीवर आपटलं. दारात हमाल, हातात लोखंडी पहार.

"कुठाय तो बंद घरवाला?"

डोकं वाचवायला दादानं उजवा हात वर केला. पहार मनगटावर बसली आणि वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. दुसरा घाव पिंपावर बसला, चुना छतापर्यंत उडाला. तिसऱ्यासाठी पहार वर गेली तोवर घोरपड हमालाच्या पाठीवर होती. तिनं त्याच्या कानात दात रोवले. तो गरगर फिरला, त्यानं तिला भिंतीवर आपटलं, परत आपटलं. तोंडात रक्त आलं, तिचं की त्याचं कोण जाणे. ती सुटली नाही.

"सोड गं बाई, कान गेला माझा!"

"पहार टाक आधी!" ती दातांतूनच म्हणाली.

पहार पडली. हमाल मटकन खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. "मीच म्हणालो आबांना, बाहेर ऊन आहे, आतच निजा."

"ए, पोलिसांना बोलव आधी," दादा कण्हला.

"आधी लिही."

"हात मोडलाय माझा!"

"डावा आहे ना?"

"वेड लागलंय तुला? चूक लिहून दिली तर माणूस मारल्याचं माझ्याच गळ्यात येईल!"

तिनं त्याचं मोडलेलं मनगट धरलं आणि दाबलं. दादा किंचाळला. इतक्या वर्षांत त्याचा असा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. तिनं पुन्हा दाबलं.

डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरांत त्यानं लिहिलं: बारा घरे उघडी. माणसे राहतात. छपरे कुजकी. चूक माझी.

"पुढं लिही, पाणी, नर्स, नवे पत्रे, सगळं आधी इथे द्या. मग वरच्या गल्ल्या."

"ते ठरवणं माझ्या हातात नाही गं."

"एक हात उरलाय अजून. लिही."

त्यानं लिहिलं. तिनं पेन हिसकावून खाली भर घातली, 'मलाही माहीत होते', आणि सही ठोकली.

"ऊठ," ती हमालाला म्हणाली. "नर्सबाईंची गाडी फाटकाशी उभी आहे. बायकोला आणि बाळाला आधी गाडीत घालू."

हमाल कान दाबत उठला. दादा सांडलेल्या चुन्यात बसला होता, मोडलेला हात मांडीवर घेऊन.

"तू पडू नयेस म्हणून केला होता मी तो नियम. तुझ्यासाठी! आणि तू माझाच हात पिळलास? ए, बोल ना! उद्या मला न्यायला आले, तर काय सांगशील त्यांना?"

तिनं कागदाची घडी ब्लाउजमध्ये खोचली आणि हमालापाठोपाठ उन्हात निघून गेली.