पहिल्या नंबराची चिठ्ठी

तीस वर्षं शाळेच्या कचेरीत काढलेल्या कारकूनबाईंच्या हातून बेरीज चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. शेवटच्या वर्गात पहिलं कोण, हे त्यांच्याच कागदावर ठरे. चार वर्षांचे गुण जोडायचे आणि नावाची चिठ्ठी रंगाऱ्याला द्यायची. तो ते नाव सन्मानफलकावर रंगवी. मुलं पाठीमागे त्यांना 'बेरीजबाई' म्हणत.

यंदाचं नाव जाहीर झालं त्या दुपारी पहिली आलेली मुलगी कचेरीच्या खिडकीशी आली. नखं मुळापर्यंत कुरतडलेली.

"बाई, आता पुन्हा कुणी तपासत नाही ना?"

"पहिली आलीस, मग तोंड का उतरलंय?"

"आई म्हणाली होती, दुसरी आलीस तर घरी येऊ नकोस." मुलगी हसली. बाईंना ते हसू बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी कागद बांधताना बाईंचा हात थबकला. दुसरी आलेली मुलगी पहिलं वर्ष दुसऱ्या शाळेत होती. तिथे चित्रकलेचे गुण धरत नसत. परीक्षा सहाशे पंचाहत्तरची, इथली सातशेची. बाईंनी ते गुण सातशेत न बदलता तसेच जोडले होते. नव्यानं मांडलं, तर खरी पहिली तीच.

त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितलं. नाव जाहीर झालेल्या मुलीला मीच समजावते, फक्त एकदा ताळा करून घेते, असंही म्हणाल्या. सवयीप्रमाणे एकदाचं तीनदा झालं. तोवर मुख्याध्यापकांनी मुलीला बोलावून सांगून टाकलं होतं, घरीही फोन केला होता.

"शहाणी आहे हो," ते सुटकेच्या सुरात म्हणाले. "रडली नाही. थँक्यू म्हणाली आणि गेली."

वर्गात बाकावर दप्तर होतं, मुलगी नव्हती. फाटकावरच्या पहारेकऱ्यानंही तिला पाहिलं नव्हतं. बाईंचे गुडघे कामातून गेलेले, तरी त्या गच्चीचा जिना चढल्या.

मुलगी शेवटच्या पायरीवर दाराला टेकून बसली होती.

"कुलूप आहे," ती म्हणाली.

बाई धापा टाकत शेजारी बसल्या. "चूक माझी आहे, बाळ. तुझ्या आईला मी सांगते."

"ती नाही ऐकणार."

"नाही ऐकलं तर माझ्याकडे राहायचं."

बाईंनी तिचा हात घट्ट धरला. खाली फाटकाशी गाडी थांबली, दार आपटलं. बाईंच्या मुठीतला हात गार पडत गेला.