खाट मावेल एवढं अंगण

हल्ली ओळखीच्या बायका ब्लाउजचं माप द्यायला येतात आणि हात वर करून उभ्या असतानाच विचारतात, "ताई, रो-हाऊस बघितलंय एक. भाव रास्त आहे का हो?" मी टेप दातात धरून नुसतं "हं" करते. डहाणूपासून तलासरीपर्यंत जेवढ्या साईट उभ्या राहिल्या तेवढ्या मी पायाखाली घातल्यात, हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. त्यामुळे मला त्यातलं फार कळतं असा समज झालाय. कळतं माझं कप्पाळ!

रास्त या शब्दाचाच मला आता राग येतो. आम्ही घेतलं त्या घराचा भाव रास्त होता. अगदी रास्त होता. ऐकणाऱ्याने "वा, नशीब काढलंत" म्हणावं इतका. तेच तर सांगायचंय.

घर बघायला लागलो ते आईमुळे. माझी आई तलासरीकडच्या पाड्यावर एकटी राहते. वडील गेले, भावंड मला नाही. त्या बाजूला जमीन हलायला लागली हे सगळ्यांना माहीत आहे. आधी पोटातून गुरगुरल्यासारखा आवाज येतो, मग भांडी वाजतात, मग सगळे बाहेर. आईचं घर सरकारी योजनेतलं, विटांच्या भिंती, वर स्लॅब. कौलं काढून स्लॅब घातला तेव्हा तिने पाड्यात गूळ वाटला होता. एका पहाटे ती परसात गेली असताना धक्का बसला आणि वरचा सिमेंटचा पोपडा तिच्या उशीवर पडला. उशीला खड्डा पडला होता. तिने तो बघितला, उशी झटकली, खाट उचलून अंगणात नेली आणि त्यानंतर ती सिमेंटखाली झोपली नाही. कधीच नाही.

उन्हाळ्यात ठीक. थंडीत गोधड्या. पावसाळ्यात बांबूवर ताडपत्री. पुढे आमच्या ह्यांनी पत्र्याची शेड करून दिली, पण ते अंगण उतारावर, पाणी खालून येतं. खाटेखालून ओढा वाहतो म्हटलं तरी चालेल. दर पावसाळ्यात तिची छाती भरते. डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं, "ओल बंद करा, नाहीतर एखाद्या पावसाळ्यात अवघड होईल." आणि तिथे दम लागला तर हाकेला कोण? गाडी मिळेपर्यंत माणूस जाईल.

आम्ही दोघं तेव्हा डहाणूत दुकानाच्या वरच्या मजल्यावर भाड्याने. तिथे एकदा आणलं तिला. डोक्यावर स्लॅब, खाली स्लॅब. ती रात्रभर जिन्याच्या पायरीवर बसून राहिली आणि उजाडल्यावर म्हणाली, "बाय, मला एसटीत बसवून दे." मी चिडले, रडले, पाया पडले. ती म्हणाली, "तुझ्याकडं येते ना मी. कोण नाही म्हणतंय? फक्त वर काही नको. पत्रा पडला तर खोक पडेल, ती शिवता येते."

म्हणून रो-हाऊस. पुढे स्वतःचं अंगण, सुकी फरसबंद जमीन, वर हलका पत्रा. आई अंगणात झोपेल, मी दाराच्या आत. हाकेच्या अंतरावर सुद्धा नाही, श्वासाच्या अंतरावर.

टेपने माप घ्यायची मला सवय, पण हे म्हणाले, "टेपला काय कळतं? खाटच नेऊ." ह्यांचा छोटा टेम्पो आहे, चिकूच्या पेट्या नेतात. मागे आईची जुनी खाट टाकून आम्ही रविवारी निघायचो. साईटवरची माणसं बघत राहायची. लोक कागद, फाईल घेऊन येतात, हे खाट घेऊन आले! एकाने विचारलंही, "राहायलाच आलात का?" हे म्हणाले, "ट्रायल."

काय काय भाव ऐकले म्हणून सांगू! चारोटीला हायवे पाच मिनिटांवर म्हणून भाव चढा. ट्रकच्या हॉर्नचे वेगळे लावले नाहीत हे नशीब. आगरच्या बाजूला समुद्राच्या हवेचे. तलासरीला वापी जवळ म्हणून. आणि बंदर येणार, बंदर येणार हे तर सगळीकडेच. बंदर अजून पाण्यात, त्याचा भाव मात्र कधीच जमिनीवर आला होता. फुटाचा हिशोब विचारला की जिना धरायचा, भिंतीची जाडी धरायची, गेटबाहेरचा रस्तासुद्धा वाटून घ्यायचा. मी शिवणकाम करते, शिवणीत दाबलेल्या कापडाचे पैसे मीही घेते. पण ते कापड उसवून वाढवता तरी येतं. यांची भिंत उसवून दाखवा म्हणावं!

माझा हिशोब सोपा होता. खाट मावते की नाही. बाकी संगमरवर घाला नाहीतर शेण. चारोटीला खाट गेटात अडकली. तलासरीला मावली, पण अंगणातच पाण्याची टाकी आणि तिचं झाकण. आगरला घर छान, अंगण नावालाच. तिथला माणूस म्हणाला, "बेन, अंगणाचं काय करता? आत हॉल बघा ना." मी म्हटलं, "हॉल तुम्हीच बघा." हे मला टेम्पोत बसवून म्हणाले, "जरा गोड बोलावं माणसाने." मी म्हटलं, "गोड बोलायचे पण लावतील."

शेवटी वाणगावला एक साईट सापडली. छोटी, दोनच रांगा, पाठीला पाठ लावून. आमची जागा तेव्हा खिडकीच्या उंचीपर्यंत आलेली, वर मोकळं आभाळ. अंगण सात फूट. खाट टाकली, बाजूने माणूस चालून गेला. भाव आमच्या आवाक्यात, बाकीच्यांपेक्षा कमी, आणि फुटाचा हिशोब खोटा नाही. साईटवरचा माणूस उंबरगावकडचा, निम्मं गुजराती बोलायचा, पण सरळ. मी तीन माणसांना विचारलं, तिघांनी सांगितलं की भाव रास्त आहे.

आईला आणलं. तिने येताना पदरात तांदूळ बांधून आणले होते. आमच्याकडे घराची जागा धरायची तर संध्याकाळी तिथे दाण्यांच्या छोट्या ढिगल्या ठेवतात, वर पळसाचं पान झाकतात. सकाळी दाणे जसेच्या तसे असले तर जागा लाभते. विखुरले तर जागा सोडायची, कितीही स्वस्त असो. अंगणाच्या जागी मातीत आईने दाणे ठेवले. आम्ही रात्री डहाणूला राहिलो, ती जिन्यातच. सकाळी येऊन पान उचललं तर एक दाणाही हलला नव्हता.

मग ती खाटेवर आडवी झाली. उताणी. वर बघत राहिली. साईटवरचे मजूर थांबून बघत होते. आई हसली, पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "चांदणं येईल गो इथं." किती वर्षांनी तिला हसताना बघितलं! ह्यांनी तिथल्या तिथे इसार दिला.

घर बांधताना आमच्याकडे असंच करतात. पाया आखला की सगळे येऊन बसतात, चूल कुठे, दार कुठे, बाज कुठे, सगळं जमिनीवर ठरतं. वरचं कोणी विचारत नाही. वर काय असणार? भिंत संपली की कौलं संपली. कौलांची पाखी वीतभर पुढे येतात तेवढीच.

पावसाळ्यात काम थांबलं. तो पावसाळा आईने पाड्यावर काढला. छाती भरली, दोनदा दवाखाना झाला. मी फोनवर म्हणायचे, "हा शेवटचा गो." ती म्हणायची, "हो, शेवटचा." दिवाळीनंतर साईटवरून फोन आला, घर तयार आहे, या.

गेटातून आत शिरले आणि मला आधी काही कळलंच नाही. अंगणात सावली होती. दुपारी बारा वाजता सावली. मी वर बघितलं. वरच्या खोलीची बाल्कनी पाच फूट पुढे आली होती, अंगणावर, जाडजूड स्लॅब, खालून पांढरा रंग दिलेला.

"ही कुठून आली?" मी ओरडलेच.

तो माणूस खूश होता. म्हणाला, "बेन, बाकी पार्टीने मागितली ना. मग सगळ्यांना दिली. एक पैसा वाढवला नाही. फ्री!"

फ्री. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहवत नाही. तो बिचारा ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याचं चुकलं काय? माणसं बाल्कनीसाठी जास्त मोजतात, त्याने फुकट दिली. शेजारची बाई तर तिथे कुंड्या लावत होती. तोडून द्या म्हटलं तर म्हणाला, आतल्या स्लॅबचीच सळई आहे, तोडली तर वरची खोली कच्ची होईल. आणि रांगेत एकच बोडकं घर कोण ठेवू देणार? मागे जावं तर मागच्या रांगेची भिंत. पुढे उरलं दोन फूट, खाट अडीच फुटाची. मला, जी माणूस दारात उभा राहिला की आधी उंची घेते त्या मला, इतक्या साईट फिरून एकदाही वर बघायचं सुचलं नाही. सुचलं असतं तरी काय, वर तेव्हा आभाळच होतं.

हे म्हणाले, गच्चीवर नेऊ. मी म्हटलं, तिचे गुडघे बघितलेत का? आणि गच्ची पडली तर ती काय वरच राहणार आहे?

तरी आणलं आईला. म्हटलं, बघून कदाचित मन होईल. मी खाट मांडली, नवी गोधडी घातली, उशीला अभ्रा स्वतः शिवलेला. आई गेटातच थांबली. वर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं.

"दाणे तर हलले नव्हते," ती म्हणाली. मग वर हात दाखवून, "त्यांना तरी वरचं कुठं दिसतं?"

मी म्हटलं, "आई, हे पक्कं आहे गो. इंजिनियरने बांधलंय. इथे तसं हलत नाही."

"आमचं पण इंजिनियरनंच बांधलं होतं." तिने गोधडीवरून हात फिरवला, शिवण बघितली, छान झालीय म्हणाली. चहा घेतला, तोही गेटाबाहेर उभं राहून. संध्याकाळी ह्यांनी तिला टेम्पोने परत सोडलं. खाट तिने इथेच ठेवायला सांगितली, आलं-गेलं कोणी बसेल म्हणाली.

विकून दुसरं घेऊ, असंही ठरवलं. दलाल आला, बघितलं आणि म्हणाला, "ताई, घेतलंत त्यापेक्षा चांगले वर येतील." ऐकून हे क्षणभर सावरून बसले. पण आमचं महाग झालं तसं सगळ्यांचंच महाग झालं होतं. मोकळ्या अंगणाचं घर आता आमच्या बापजन्मात नाही. आणि जी नवी बांधतायत त्यांना सगळ्यांना बाल्कनी आहे. लोकांना आवडते.

आम्ही इथे राहायला आलो. हप्ता भरायचा आणि भाडंही, हे झेपणारं नव्हतं. मी अंगणात मशीन टाकलंय. उजेड बरा येतो, ऊन लागत नाही. बायका येतात, म्हणतात, "काय मस्त सावली आहे हो!" आई पाड्यावर आहे. यंदाचा पावसाळाही तिथेच. मी नाव काढलं की ती विषय बदलते. तिचा श्वास मला फोनवर ऐकू येतो, बोलण्याआधी आणि बोलल्यानंतर.

परवा दिवेलागणीला मी हेम घालत होते. सुई आपोआप थरथरली. मग डब्यातली बटणं वाजली. इथे एवढं कधी जाणवत नाही, परवा जाणवलं. आतून हे धावत आले, शेजारी धावत आले, पूर्ण रांग बाहेर आली. कोणी लेकराला कडेवर घेतलेलं, कोणाच्या हाताला कणीक. "आला, आला," "थांबला का?" असं म्हणत सगळे आपापल्या अंगणात उभे राहिले. सुटलो म्हणून हसतसुद्धा होते. आणि एकूण एक माणूस आपापल्या बाल्कनीखाली उभा होता.

"रस्त्यावर या!" मी मशीनजवळूनच ओरडले. कोणी हललं नाही. थांबलं होतं ना सगळं. शेजारीण म्हणाली, "अहो ताई, बाहेरच आहोत की."

माझा फोन वाजला. आई.

"हललं का तिकडं?"

"हललं थोडं."

"बाहेर आलात ना दोघं?"

"आलो."

ती खोकली. बराच वेळ खोकली. 

"मोकळ्यात आहात ना, बाय? वर आभाळ दिसतंय?"

मी वर बघितलं. बाल्कनीच्या पांढऱ्या रंगाला एक बारीक रेघ गेली होती, केसाएवढी. आधीपासून होती की आत्ता गेली, मला माहीत नाही.

"दिसतंय गो," मी म्हटलं. "तू झोप आता."