मावशी आणि विलासचा जबडा

तमाम नागरिकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, ज्यांना ज्यांना हनुवटीच्या खाली आणि गळपट्टीच्या वर काही म्हणून अवयव आहे, त्यांनी सौंसरच्या बसस्टँडमागच्या गल्लीतून जाताना मफलर गुंडाळूनच जावे. भर मे महिना असला तरी. कारण त्या गल्लीत माझ्या बायकोची मावशी राहते, आणि नागपूर ते छिंदवाडा या टापूत अशी एकही मान नाही, जी या बाईच्या समोर आली आणि न चाचपता परत गेली.

मावशी डॉक्टर. पण पेशंटला 'आ कर' म्हणणारी नव्हे. ती पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे पेशंट एका मजल्यावर आणि त्याचा कापलेला तुकडा दुसऱ्या मजल्यावर, तर तुकड्याकडे जाणारी. डोक्यात आणि मानेत, हाड सोडून जे मऊ मऊ असतं, चरबी, स्नायू, नसा, रक्तवाहिन्या, त्यांच्या अधेमधे ज्या दुर्मिळ गाठी उगवतात, त्यांची पारख करण्यात तिचा जन्म गेला. नागपूरला नोकरी संपवून ती सौंसरला परतली ती स्वतःचा मायक्रोस्कोप घेऊन. तो बैठकीत, भरतकामाच्या रुमालाखाली असतो. शेजारणी त्याला शिलाई मशीन समजून ब्लाउज घेऊन येतात. मावशी ब्लाउज बाजूला ठेवते आणि शेजारणीची मान हातात घेते. जन्मभर तुकडेच पाहिले, माणसं पाहायची राहून गेली, ती कसर ती आता भरून काढते आहे, असं माझी बायको म्हणते. ही कसर आमच्या खानदानाच्या मानांवरून भरली जाते, याबद्दल मात्र बायको बोलत नाही.

आमच्या पुतणीच्या लग्नात नवरदेव मावशीच्या पाया पडायला वाकला. लोकांना वाटलं, बाई डोक्यावर हात ठेवेल. बाईनं दोन्ही हातांनी त्याचा जबडा खालून धरला, बोटं फिरवली, आणि फोटोग्राफर थांबलेला असताना जाहीर केलं, "डावीकडं बारीकशी गाठ हाय. दाढ किडली असंल. दाखवून घ्या." मुलीकडचे मुलाकडच्यांकडे बघायला लागले. नवरदेवानं पुढे दाढ काढली, पण आजही तो सासुरवाडीला कॉलरची बटणं लावून येतो. मावशीला चेहरे लक्षात राहत नाहीत. भर बाजारात एका भारदस्त माजी नगराध्यक्षांना ती म्हणाली, "तुम्ही ते कानामागं चरबीची गाठ असलेले ना?" संत्री घेतानाही तेच. प्रत्येक संत्रं बोटांनी सगळ्या बाजूंनी दाबून, डोळे मिटून क्षणभर विचार करणार. संत्रेवाला कळवळतो, "मॅडम, संत्रं हाय ते. पेशंट नोहे."

आणि कुठल्याही गोष्टीला घाईनं नाव दिलेलं तिला खपत नाही. "पाऊस येऊन राहिला" असं कुणी म्हटलं की ती म्हणणार, "ढग येऊन राहिले म्हणा. पावसाचं पावसाला ठरवू द्या." नोकरीत असताना ती याच हट्टापायी तीन-चार साहेबांशी कायमची भांडली. पण म्हणून ती प्रत्येक गाठीला पाठीशी घालते, असंही नाही. गल्लीतल्या शिंप्याच्या गळ्याची गाठ चाचपली आणि त्याच पावली त्याला नागपूरच्या बसमध्ये बसवून आली. तो "दिवाळीचे कपडे बाकी हाय" म्हणत होता. "कपडे नंतर. आधी तू राहा," म्हणाली आणि बस सुटेपर्यंत दारात उभी राहिली.

तर अशा या मावशीच्या हातात माझा चुलतभाऊ विलास सापडला. विलास पांढुर्ण्याच्या शाळेत मास्तर. आवाज असा की तो पाढे म्हणायला लागला की रस्त्यावरचे लोक मनातल्या मनात पुढचा आकडा म्हणतात. पोळ्यानंतर काही दिवसांनी त्याच्या डाव्या जबड्याच्या कोपऱ्यावर गाठ आली. आधी लिंबाएवढी, मग बघता बघता चिकूएवढी. नागपूरच्या एका दवाखान्यात सुई घातली, मग तुकडा काढला, आणि रिपोर्ट आला: कर्करोगाचा दाट संशय, गाठीसकट जबड्याचा भाग काढावा. पायाचं हाड काढून तिथं बसवणार होते. ऑपरेशनचा दिवस ठरला. विलास एकाएकी हळू बोलायला लागला, जणू आवाज आतापासूनच पुरवून वापरत होता. त्याची बायको सुनीता पदराआड रडायची आणि पदराबाहेर साऱ्यांना चहा द्यायची.

मावशीनं गाठ चाचपली, रिपोर्ट वाचला, आणि विचारलं, "स्लाइडा कुठं हायेत? मेणाच्या ठोकळ्यात तुकडा ठेवला असतो, तो कुठं हाय?" मी आणि विलास नागपूरहून ते सगळं घेऊन सौंसरला आलो, सुनीताही सोबत. रुमाल निघाला. सकाळपासून ऊन उतरेपर्यंत मावशी त्या नळीला डोळा लावून बसली. मध्येच "हं" म्हणायची. त्या प्रत्येक 'हं'ला आम्ही खुर्चीतून अर्धे उठायचो आणि परत बसायचो. शेवटी मान वर न करता म्हणाली, "गर्दी तर लय हाय. पेशी भराभर वाढून राहिल्या, हे खरं. कोणीही भिऊन जाईल. पण एकीचाही चेहरा बिघडलेला नाही. ही गर्दी जत्रेची दिसते मले, दंग्याची नाही." मग एकदम विलासकडे वळून, "काय रे, मार लागला होता का इथं?"

"नाही," विलास म्हणाला.

"दार? बॉल? बैलाचं शिंग?"

"नाही ना, मावशी."

मावशीनं त्याच्याकडे बघितलं, मग दाराशी उभ्या असलेल्या सुनीताकडे बघितलं. "सुनीता, बाई, चहा ठेव जरा." सुनीता आत गेली. मावशीनं विलासचा कान धरला. "आता सांग. तुझा जबडा राहते का जाते, त्याचा प्रश्न हाय. काऊन लपवून राहिला?"

आणि मास्तर फुटला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार होते. जाम नदीच्या या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव, मध्ये झेंडा, आणि दोन्हीकडून दगड. सुनीता सावरगावची. माझ्या माहेरावर दगड उचलायचा नाही, अशी शपथ तिनं लग्नातच घातली होती. विलास त्या दिवशी रामाकोन्याला संत्र्याची बाग बघायला म्हणून घरातून निघाला आणि थेट नदीवर गेला. दगड लागला, सूज आली, दाढ दुखते म्हणून सांगितलं. सूज उतरली. नंतर गाठ आली, तर डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही सुनीता शेजारी बसलेली! मग 'नाही' म्हणाला. कर्करोग परवडला, पण बायकोला कळायला नको, अशी ही आमच्या घराण्याची हिंमत.

सुनीता ट्रे घेऊन दारात कधीपासून उभी होती, कुणास ठाऊक. "कोणत्या काठावरून आला गोटा?" तिनं विचारलं.

"तुमच्याच," विलास पुटपुटला.

"मंग तुम्ही काय नदीवर बाग पाहून राहिले होते?" म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली. हसता हसता तिथंच खाली बसून रडली. चहाचा ट्रे मी घेतला.

मावशीनं तिथूनच ऑपरेशन करणाऱ्या नागपूरच्या सर्जनला फोन लावला. मार लागल्यावर अशी एक निरुपद्रवी गाठ उठते, ती कर्करोगाचं हुबेहूब सोंग करते, आणि पुष्कळदा आपली आपण ओसरते, असं तिनं सांगितलं. अशा गाठीत जनुकाची एक ठरावीक मोडतोड सापडते, म्हणून तुकडा मुंबईला जनुकाच्या तपासणीला पाठवायचा, तोवर चाकू लावायचा नाही. पलीकडचा माणूस सज्जन होता, पण तोही डॉक्टरच. "मॅडम, आता तुम्ही रिटायर झालात," म्हणाला.

"मी झाली. माझे डोळे नाही झाले."

"आणि तुमचं चुकलं तर? मधल्या दिवसांत ती पसरली तर?"

मावशीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "खात्री मलेही नाही. पण तुम्हालेही नाही. जबडा काढाले एक दुपार पुरते, लावाले जन्म पुरत नाही. रिपोर्ट येईपर्यंत थांबा." तो थांबला. आमचे घरचे मात्र थांबेनात. म्हातारपणी बाईला हौस आली, पोराचा जीव जाईल, असं तिच्या तोंडावर बोलले. "बोला," म्हणाली. "तुमच्या बोलण्यानं गाठ वाढत नाही अन् कमीही होत नाही." दर दोन-चार दिवसांनी ती बसनं पांढुर्ण्याला यायची, स्टीलच्या पट्टीनं गाठ मोजायची, आणि कुणाशी न बोलता परत जायची. गाठ कमी दिसायला लागली तेव्हा आम्ही टाळ्या पिटल्या. ती म्हणाली, "पट्टी माझी हाय, इच्छा तुमची. दोन्ही मिसळू नका."

मुंबईचा फोन आला तेव्हा योगायोगानं मी तिच्या बैठकीत होतो. तिनं ऐकलं. पुन्हा सांगायला लावलं. आणखी एकदा सांगायला लावलं. मग विलासला फोन लावला आणि दरडावून म्हणाली, "मास्तर, उद्यापासून शाळेत जा. कर्करोग नोहे. दगडाची गाठ हाय, वितळून जाईल. अन् पुढल्या पोळ्याले घरी बसजो." पलीकडे विलास काही बोलत होता, बहुतेक रडत होता, तिनं ते ऐकून न घेता फोन ठेवला. मी पेढे आणायला उठलो. दारात चपला घालताना सहज मागं पाहिलं. मावशी मायक्रोस्कोपवर रुमाल घालायला गेली होती, आणि रुमालाचं टोक काही केल्या तिला जागेवर नेता येत नव्हतं. साहेबांना, सर्जनला, आमच्या अख्ख्या घराण्याला जिनं कधी भीक घातली नाही, ती बाई रुमाल तसाच हातात धरून खुर्चीत बसली. मी जवळ गेलो. रुमालाचं दुसरं टोक धरलं. तेव्हा तिनं वर बघितलं, आणि शेजारच्या घरातसुद्धा ऐकू जाईल अशा आवाजात तिच्या तोंडून निघून गेलं:

"मी लय भेली होती, जावईबापू!"