यादीत नाव आहे म्हणून सोडली

ती घटना आठवली की आजही माझं डोकं फिरतं. त्या दिवशी गुन्हेगारांनी छळलं नाही एवढं मला शहाण्या माणसांनी छळलं.

रविवारची दुपार होती. मी तेव्हा बेळगावात अनगोळच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात महिला एएसआय, म्हणजे सहायक फौजदार होते. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. निपाणीकडची एक बाई हातात धपाट्यांचा डबा घेऊन आत आली. मागे तिचा नवरा. त्यांची सोळा वर्षांची मुलगी आमच्या हद्दीतल्या वसतिगृहात राहून पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी शिकत होती. आई भेटायला आली तर मुलगी नाही. आदल्या दिवशी चुलता येऊन घेऊन गेला, असं वॉर्डनबाईंनी सांगितलं होतं.

"आक्का, तिचं लगीन लावत्यात," बाई म्हणाली. "दीर-जाऊनं उद्याचाच मुहूर्त काढला हुता बघा. मी न्हाय म्हटल्यापास्नं दीर-जाऊ एकदम गप हुती. तवाच कळायला पायजे हुतं मला."

नवरा वॉर्डनबाईंच्या नावाने ओरडत होता. पण मी तक्रार लिहायला घेतली की म्हणायचा, "तक्रार नगं मॅडम, आदी पावण्यात बघून येतो." ज्याचं मूल जातं तो तक्रार लिहून घ्या म्हणून टेबलावर डोकं आपटतो, हे मी आयुष्यभर पाहिलंय. मी आईची तक्रार घेतली, डायरीत नोंद केली आणि दोघांना जीपमध्ये घालून वसतिगृहावर गेले.

"मुलगी सोडली कशी?" मी वॉर्डनबाईंना विचारलं.

"यादीत नाव हाय की मॅडम. यादी बघितल्याबिगर मी गेट उघडत न्हाय."

यादी म्हणजे कुठल्या मुलीला कोण नेऊ शकतं त्याची नोंद. ती कॉम्प्युटरवरच्या शीटमध्ये होती. साठ मुलींच्या घरून रोज फोन यायचे, आज मामाचं नाव घाला, उद्या आत्याचं काढा. बाई कंटाळल्या आणि त्यांनी शीटची लिंक पालकांच्या ग्रुपवर टाकली. आपापल्या मुलीच्या ओळीत आपणच भरा. बघायचा आणि बदलायचा अधिकार सगळ्यांना. भरून झाल्यावर तो अधिकार काढून घ्यायचा, ते राहून गेलं.

"म्हणजे कुणीही कुणाचंही नाव घालू शकतो?"

"घालू शकतो. पण घालतंय कोण मॅडम? सगळी चांगल्या घरची माणसं."

"चांगल्या घरची माणसं काय करतात ते बघायचाच मला पगार मिळतो."

"मी खात्रीबी केली," बाई दुखावल्या. "आईला फोन लावला. 'मी दवाखान्यात हाय, पाठवा तिला' असं त्या म्हणाल्या."

आई शेजारीच उभी होती. "मला कुठला फोन आलाय?"

"कुठल्या नंबरला लावला?" मी विचारलं.

"यादीतल्या."

मी कपाळावर हात मारून घेतला.

माझं शिक्षण सातवीचं. आमच्या वेळी तेवढ्यावर भरती करून घेत. कॉम्प्युटर मला येत नाही, पण मुद्देमालाच्या खोलीची किल्ली कळते. माल दहा जण बघोत, किल्ली एकाकडेच असते. इथे साठ घरांत किल्ल्या वाटल्या होत्या आणि दाराला कुलूप आहे म्हणून बाई निर्धास्त होत्या.

आमच्या एका महिला कॉन्स्टेबलने शीटमध्ये कोणी कधी काय बदललं ते उघडून दाखवलं. गुरुवारी त्या मुलीच्या ओळीत मामाचं नाव पुसून चुलत्याचं घातलं होतं. आईचा नंबर काढून दुसराच टाकला होता. तो जाऊबाईचा निघाला. बदल करणाऱ्याच्या जागी नाव होतं बापाचं.

"मोबाईल घरात पडल्याला असतो," तो म्हणाला. "कोनबी घेतंय. भावानं केलं असंल."

वॉर्डनबाईंनी मान डोलावली. "आमच्यातबी असंच हाय हो." मला त्यांनाच आधी कोठडीत घालावंसं वाटलं.

मी आईकडे वळले. "बाई, घरात ह्यांचा मोबाईल कोण कोण वापरतं?"

तिने नवऱ्याकडे बघितलं नाही. "माझा ह्यो बटनांचा हाय. त्येंच्या मोबाईलला हात लावला तर मार बसतोय मला. आन् त्येंचं बोट टेकल्याबिगर त्यो उघडतबी न्हाय."

पाच मिनिटांत नवऱ्याने लग्नाच्या गावाचं नाव सांगितलं.

गाव निघालं कागलच्या पलीकडे, म्हणजे राज्य दुसरं. तिथल्या ठाण्याने आधी पत्र मागितलं. पत्र पाठवलं तर ते कन्नडमध्ये आहे, मराठीत द्या म्हणाले. मुहूर्त काही पत्रासाठी थांबणार नव्हता. आमचे साहेब फोनवर भांडत होते आणि मी जीप हायवेला लावली. तिथल्या ठाण्याची दोन माणसं आम्हाला वेशीवर येऊन मिळाली.

पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दारात मांडव, आत मुलगी हळद लावून बसलेली. मला बघून तिने एकच विचारलं, "आई जगंल न्हवं?"

आई मरायला टेकलीय, तुझं लग्न झालेलं बघायची तिची शेवटची इच्छा आहे, असं तिला सांगितलं होतं. मी जीपकडे बोट केलं. आई डबा घेऊन उतरत होती.

बाप, चुलता आणि फोनवर आई बनलेली जाऊ, तिघांवर गुन्हा दाखल झाला. पुढच्या आठवड्यात जबाबासाठी मी वसतिगृहावर गेले. आता यादीत फक्त वॉर्डनबाईच बदल करू शकत होत्या, पालकांना नुसतं बघता यायचं. आईचा नंबर प्रवेशाच्या कागदावरूनच घ्यायचा असं ठरलं होतं.

"किती वेळ लागला हे करायला?" मी विचारलं.

"पाच मिनिटं," बाई खाली बघत म्हणाल्या.

त्या पाच मिनिटांच्या कंटाळ्यापायी एक पोर बोहल्यापर्यंत गेली. माणसं वाईट असतात याचा मला राग येत नाही, ते माझं कामच होतं. राग येतो तो चांगल्या माणसांच्या आळसाचा. आणखी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. त्या यादीत लिहायची मुभा साठ घरांना होती. जिला नेलं, तिला ती यादी कुणी कधी दाखवलीही नव्हती.

मुलगी पुन्हा वसतिगृहात राहायला आली होती. मी तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं. "तुझ्या ओळीत कोण पाहिजे?"

"आई. आन् मामा," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "आन् कुनीबी न्यायला आलं तर आदी मला इचारायचं, असं लिवा."

"तसा रकाना न्हाय गं त्यात," वॉर्डनबाई म्हणाल्या.

"मग पाडा," मी म्हटलं, आणि तो पाडून होईपर्यंत खुर्चीवरून उठले नाही.