पिवळ्या मेणखडूचा सात

गाडी मुद्दाम वाईट रंगवायची असते, हे मला चाळिशी आल्यावर कळलं. त्याआधी पंधरा वर्षं मी नाशिकला अंबडच्या एका मोटारींच्या कारखान्यात रंगखात्यात काढली होती. तिथे रंगाचा एक ओघळ दिसला तरी सुपरवायझर चारचौघांत पाणउतारा करायचा. मग नोकरी सोडून गंगापूर रोडला डेंटिंग-पेंटिंगची स्वतःची शेड टाकली. माझ्या हातच्या दारात बघून लोक भांग पाडतात, असा माझा तोरा होता, आणि तो अजून पुरता उतरलेला नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा देवळाली कॅम्पातून एक बाई आल्या. यजमान तोफखान्यातले अधिकारी, निवृत्तीनंतर वारलेले. मागे त्यांची दोन दारांची जुनी अमेरिकन गाडी राहिली होती, आठ सिलिंडरची, लांबलचक बॉनेटची. मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या साहेबाकडून यजमानांनी ती मुंबईत जवळपास नवीच घेतली होती. बाईंची अट एकच होती. कारखान्यातून निघाली तशी करून द्या, त्याहून चांगली नको.

चांगली नको म्हणजे कशी, ते त्यांच्या अमेरिकेतल्या भाच्याने पाठवलेल्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यात होतं. कुठला बोल्ट काळा आणि कुठला नुसता लोखंडी, बुडाच्या तांबड्या प्रायमरवर बाहेरच्या निळ्या रंगाचा फवारा कुठवर उडालेला, दाराच्या रबराखाली रंग किती पातळ. वाचून मी भडकलो. जे चुकू नये म्हणून उभा जन्म बोलणी खाल्ली, ते आता मापात चुकवायचं. पण करता करता गोडी लागली. फवारा कुठून कुठे गेलाय ते बघून मला वाटायला लागलं की रंगवणारा डावखुरा असावा आणि जेवणाच्या सुट्टीआधी घाईत असावा. तो मला माझ्याच खात्यातला वाटायचा. आवडायचा मला तो.

एका जागेला मात्र हात लावायचा नव्हता. इंजिनमागच्या उभ्या पत्र्यावर पिवळ्या मेणखडूने काढलेला इंग्रजी सात होता आणि त्याच्यापुढे बरोबरची खूण. तपासनीस अशी खूण करून गाडी पुढे सोडतो, आमच्याकडेही करायचे. बाई आल्या की आधी तो सात बघायच्या. "बाकी काही चुकलं तर चालेल, एवढं राहू द्या," म्हणायच्या. मी त्याच्यावर कागद चिकटवून ठेवला होता.

खंडेनवमीला शेडमध्ये हत्यारांची पूजा असायची. वडील मखमलाबादचे, झेंडूची शेती. सकाळी बाजारात फुलं विकून पाटीभर राखून ते आले, तेव्हा मी नारळ आणायला गेलो होतो. परत येऊन बघतो तर बॉनेट उघडं, वडिलांच्या हातात रॉकेलचा बोळा आणि पत्रा लख्ख.

"दादा, हे काय केलंत?"

"आरं, पूजेची गाडी आन आतून लय मळकट. पोरांनी पिवळं कायबाय गिरगाटलं व्हतं, त्येच्यावर कागूद लावून झाकलं व्हतं. मला काय दिसत नाय व्हय?"

सणाच्या दिवशी मी बापाला तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी गाडीला माळ घातली, हळदकुंकू वाहिलं आणि सिटी बस पकडून निघून गेले. दुसऱ्या दिवशी सोनं द्यायलाही मी मळ्यात गेलो नाही.

खुणेचा फोटो माझ्याकडे होता. मेणखडू आणून दोन दिवस भंगार पत्र्यावर गिरवला आणि मग गाडीवर काढला. हुबेहूब उतरला. बाई आल्या, चष्मा लावून वाकून बघितलं आणि "सुरेख" म्हणाल्या. तो शब्द काही माझ्या पचनी पडेना. मी सगळं सांगून टाकलं, वडिलांच्या बोळ्यासकट.

बाईंनी पुन्हा वाकून तो सात बघितला. मग म्हणाल्या, "कारखान्याची खूण ह्यांच्याच हातून पुसली गेली होती. पहिल्याच वर्षी, गाडी धुताना. आठवडाभर हळहळले आणि मग स्वतः काढली. तो सात ह्यांचा होता."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. त्या मात्र भलतंच विचारत होत्या.

"वडिलांनी पूजा केली का गाडीची?"

"केली. त्यासाठीच तर पुसलं."

"हे गेल्यापासून कुणी केली नव्हती," म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा काढून डोळे टिपले. "तुमचा सात राहू द्या. आणि तो कुणाचा होता ते वडिलांना सांगू नका. जन्मभर मनाला लावून घेतील."

मी तिथून थेट मळ्यात गेलो. वडील झेंडूला पाणी भरत होते. वर न बघताच त्यांनी विचारलं, "बाई काय म्हनल्या?"

"तुम्ही पूजा केलीत म्हणून त्यांना बरं वाटलं."

"मंग तू कशापायी वरडला?"

"चुकलं माझं, दादा," म्हणालो. पुढे बोलणं धोक्याचं होतं. चपला काढून त्यांच्या हातातलं फावडं घेतलं आणि पुढच्या वाफ्यात पाणी वळवलं.